मिस वर्नीचं ‘नाही’

वर्नी टलकनं, वस्तीच्या बोलीत मिस वर्नीनं, चाळीस वर्षं गांजा लावला, वाळवला, विकला. पण तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. म्हणायची काय, तर ‘पाला’. बेटावरच्या वेस्टमोरलंड परगण्यात, डोंगरात, याम नावाच्या कंदाच्या वेलांमागे तिची झाडं असायची. सर्दीच्या काढ्याला म्हणा, रममध्ये भिजवून गुडघ्याला चोळायला म्हणा, अख्खी वस्ती तिच्याच पायरीवर यायची.

मग सरकारनं परवानेवाल्यांना विक्रीची मुभा दिली आणि हिच्या दाराशी काळं कुत्रं फिरकेना! खाली समुद्रकाठी काचेचं दुकान निघालं होतं. गार हवा, चकचकीत बरण्या, गणवेशातल्या पोरी. तिथून घेतलं तर पोलीस हसून बाजूला होतो, वर्नीकडून घेतलं तर खिसे उलटे करतो. गिऱ्हाईक तुटल्याचं तिला एवढं नव्हतं हो. पण आलेलं माणूस पायरीवर टेकायचं, सुनेच्या नावानं बोटं मोडायचं, तासभर हलायचं नाही. ते सगळं गेलं. लेक टोरांटोला. रविवारचं चर्च सोडलं तर आठवडा आठवडा तिच्याशी कुणी बोलायचं नाही. घर खायला उठायचं.

तेवढ्यात बातमी आली, की डोंगरातल्या जुन्या लोकांनाही परवाने देणार. अट एकच: पूर्वीपासून लावतोय, हे परवाने देणाऱ्या कचेरीच्या बाईपुढे स्वतःच्या तोंडानं सांगायचं. परवाना मिळाला की माणसं उजळ माथ्यानं पुन्हा तिच्याकडे आली असती.

“आपण विकलं की तुरुंग, त्यांनी विकलं की दुकान!” शेजारचा फॉन्सो शाळेच्या वाटेवर करवादत होता. शाळेतच नावनोंदणी होती. “आज नाव घालूनच यायचं, मिस वर्नी. नुसतं हो म्हण.”

“म्हणते रे बाबा. एवढं काय त्यात!”

कचेरीची बाई तरुण होती, बोलायला गोड होती. तिथंच घात झाला.

वर्नी सत्तावीस वर्षांची असताना असाच एक गोड बोलणारा फौजदार दारात आला होता. “घाबरू नकोस, लेकी. नुसतं सांग. मागचं शेत तुझ्या नवऱ्याचं ना?” ती भाबडेपणानं हो म्हणून गेली. नवऱ्याला, लेबर्टला, दीड वर्षाची सजा झाली. सुटला तो खोकतच, आणि वर्षाच्या आत गेला. एका शब्दानं त्यानं तिला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून कुणी काहीही विचारो, वर्नीचं उत्तर ठरलेलं.

“मिसेस टलक, गांजा कधीपासून लावताय?”

“मी नाही लावत, बाई.”

सगळी खोली खो खो हसली. फॉन्सोनं कपाळावर हात मारला. “अगं, माझ्या आईचा दमा तुझ्या पाल्यावर निभावला!”

“पुदिना होता तो.”

बाई पुढे वाकली. “घाबरू नका, मावशी. आता कायदाच तसा झालाय. नुसतं सांगा.”

वर्नीला हो म्हणायचं होतं, अगदी मनापासून म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं. “याम,” ती म्हणाली. “आम्ही याम लावतो.”

बाईनं कागद चाळले. “थांबा हं. लेबर्ट टलक तुमचे यजमान ना? त्यांच्या खटल्याची नोंद आहे. ती पुरावा म्हणून चालते. तेवढ्यावर तुमचं नाव घालते मी. शेत त्यांचंच होतं ना?”

फॉन्सो मागून कुजबुजला, “हो म्हण गं बाई, हो म्हण.”

वर्नी उठून उभी राहिली.

“नाही,” ती म्हणाली. आवाज मुळीच कापला नाही. “ते शेत माझ्या लेबर्टचं नव्हतं. तुम्ही त्याला उगाच नेलंत.”

बाईनं तिच्या नावावर रेघ ओढली.

बाहेर आल्यावर फॉन्सो हातवारे करत बरंच काही बोलला. घालवलंस, स्वतःच्या हातानं घालवलंस, आता बस एकटी, म्हणाला. वर्नीनं ऐकून घेतलं.

“त्या दिवशी एवढंच म्हणायचं होतं रे,” ती म्हणाली आणि चढाला लागली.