आमच्या तांड्याचं वर्णन

नातीच्या वहीत 'वर्णनात्मक परिच्छेद: माझे गाव' हे शब्द वाचले आणि पुसदच्या शाळेतल्या सारवलेल्या जमिनीचा वास आला.

गुरुजींनी 'माझे गाव' याचं वर्णन लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं, आजोबा बैलांवर मीठ लादून मुलुखभर फिरले आणि बैल थकले तिथं आमचा तांडा वसला.

"ही गोष्ट झाली," म्हणत गुरुजींनी लाल रेघ ओढली. "वर्णनात गाव दिसलं पाहिजे. नदी, देऊळ, पार लिही."

"गुरुजी, आमचा तांडा चालत आला. चालणं सोडून तुमाले दाखवू कसा?"

वर्ग हसला. मी तोच परिच्छेद पुन्हा लिहून दिला.

आज कळतं, गुरुजींचा नियम खोटा नव्हता. तो जागच्या जागी राहिलेल्या गावांसाठी होता.

नातीला म्हटलं, "आपण कुठून आलो तेच आधी लिही. लाल रेघ आली तर मले सांगजो."