दाते नसलेला रुपया

पिरंगुटच्या कारखान्यात मी डाय बनवतो. लोखंडात उलटी आकृती कोरायची आणि ती सुलटी नीट उठते का ते बघायचं, एवढंच काम. त्यातूनच मला जुन्या नमुना रुपयांचं वेड लागलं. राणीच्या काळात नवं नाणं सुरू करण्याआधी टांकसाळीत साहेबाच्या पसंतीसाठी चांदीचे मोजके नमुने पाडत. ते बाजारात जायचेच नाहीत. प्रदर्शनात काचेआड मी दोन पाहिले होते, हातात कधी एकही आला नव्हता. बायको म्हणते, "जगाला चालणारे पैसे हवे असतात, आमच्या ह्यांना न चाललेले." खरं आहे तिचं.

एकदा चहाच्या सुट्टीत भरे गावचा माझा सोबती म्हणाला, "आमच्या आईकडं राणीचे रुपये हायेत. एक खोटा बी हाय. त्याला कडंला दातंच न्हाईत."

माझा चहा तसाच राहिला. चालू रुपयाच्या कडेला बारीक दाते असतात, काही नमुन्यांना ते नसतात.

सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या घरी हजर. मावशींनी, म्हणजे त्याच्या आईनं, रुपये पुढ्यात ठेवले. दर लक्ष्मीपूजनाला चिंचेनं घासून घासून त्यांच्यावरच्या राणीचं नाक पार सपाट झालेलं. 'खोटा' मात्र कधी पूजेत बसला नव्हता की कडी लावून माळेत ओवला गेला नव्हता. फडक्यात बांधून कणगीत पडला होता, म्हणूनच वाचला. मी भिंग लावलं. राणीच्या वेणीचा पेड न् पेड सुटा दिसत होता. चेहऱ्यामागची चांदी आरशासारखी, तिच्यावर निळसर झाक. ज्या कारागिरानं ती डाय कोरली त्याला मी मनोमन हात जोडले. जन्मभर कोरलं तरी मला तसा एक केस जमायचा नाही.

"खोटाच ना?" मावशींनी विचारलं. "आमच्या आत्यानं, सासूनं, म्हायेराहून आणल्याला. तिच्या थोरल्या जावंनं त्यावरनं मरूस्तवर टोमणं मारलं तिला."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर तो माझ्या खिशात आला असता. जिभेवर आलंही होतं. पण म्हणालो, "मावशी, खरा आहे. बाकी सगळ्यांहून भारी. विकलात तर..."

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. उठून चिंच भिजत घातली.

"मावशी, घासू नका! घासला की त्याची किंमत गेली."

"घासल्यावर खरा तर ऱ्हाईल ना?"

"राहील, पण..."

"मंग झालं. इतकी वर्सं भाईर ठिवला, आता पारोसाच देवात बसवू व्हय?"

दोन मिनिटांत निळी झाक गेली, आरसा गेला. रडूच यायचं बाकी होतं. पण मेलेल्या सासूची अशी बाजू घेणारी सून मी दुसरी पाहिली नाही. मला त्यांचा राग धरता येईना.

रुपयाला कुंकू लावून त्या म्हणाल्या, "आता भाईर चला. सगळ्यांम्होरं सांगा."

ओट्यावर भावकी जमली. सासूची ती थोरली जाऊही होती, नव्वदीची. मी रुपया उंच धरून सांगितलं, "हा खरा आहे." म्हातारीला कमी ऐकू येत होतं. तीनदा सांगितलं, तरी मावशी म्हणत होत्या, "अजून मोट्यानं."