सनद मिळेपर्यंतच्या तारखा

बी.ए. झाल्यावर मी कायद्याला जावे, हे घरात मला न विचारता ठरले. मी हरकत घेतली नाही. एलएल.बी. झालेल्यापुढे तीन-चार वाटा असतात, असे पुण्यात ऐकले होते: तालुक्याला वकिली, पुढे खालच्या कोर्टात मुन्सफी, हायकोर्टात भाषांतरकार, नाहीतर वर्तमानपत्रात कोर्टाचा बातमीदार. मला शेवटची वाट हवी होती. मुंबईच्या एका संपादकांनी 'पास झालात की या' असे कळवलेही होते.

शेवटची परीक्षा देऊन कार्ल्याजवळच्या आमच्या गावी आलो आणि वडिलांबरोबर वडगावच्या कोर्टात गेलो. भातखाचरांमधल्या एका बांधावरून शेजाऱ्याशी आमचा दावा चालू होता. पुकारा झाला. आमच्या वकिलांनी पुढची तारीख मागितली. ती मिळाली.

व्हरांड्यात मी कारण विचारले.

"कारण तुम्हीच," वकील म्हणाले. "तुमचे वडील म्हणतात, मुलगा पास होईपर्यंत ढकला. दोन वर्षं ढकलतोय. आता सबबी संपल्या."

तो शेजारीही तिथेच पायरीवर तंबाखू मळत होता. "काय वकीलसायेब, झालात का पास? बिगीबिगी व्हा. आमच्या वहाणा झिजल्या."

वडील ओशाळले नाहीत. "परक्या वकिलाला आपल्या बांधाची काय माया?" एवढेच म्हणाले.

आमच्याकडे बांध दरवर्षी चिखलाने लिंपतात. ज्याचा माणूस लिंपतो, त्याचा बांध, असा रिवाज. आमच्या वतीने तो वर्षानुवर्षे डोंगरावरच्या वाडीतला एक म्हातारा लिंपत आला होता. आमचा साक्षीदार तो एकटाच. माझ्या परीक्षेचा निकाल लागण्याच्या आधल्या महिन्यात तो तापाने गेला. त्याची साक्ष झालेली नव्हती.

मी संपादकांकडे मुदत मागितली, सनद घेतली आणि दाव्यात उभा राहिलो. शेजाऱ्याने तीन साक्षीदार आणले. माझ्याकडे उभे करायला कोणी नव्हते. वडिलांनी स्वतः जबानी दिली. बोलताना ते न्यायाधीशांकडे न पाहता माझ्याकडे पाहत होते. दावा गेला.

स्टेशनाकडे चालताना त्यांनी विचारले, "आता अपील कवा?"

"अपील जुने वकील करतील, आबा. मी मुंबईला जातोय. वर्तमानपत्रात."

ते म्हणाले, "मंग आमी थांबलो कुणासाठी?"

ते थांबले नसते, तर म्हाताऱ्याची साक्ष झाली असती. हे त्यांना ठाऊक होते की नाही, मला सांगता येत नाही. गाडी आली. आम्ही समोरासमोर बसलो आणि आपापल्या खिडकीबाहेर पाहत राहिलो.

त्याच आठवड्यात मी मुंबईला रुजू झालो. अपिलाचा निकाल पुढे पत्राने कळला. तोही विरुद्ध गेला होता. वडिलांनी पत्र कोणाकडून तरी लिहवून घेतले होते. शेवटी विचारले होते, तिकडे याहून मोठे कोर्ट आहे म्हणतात, ते तुझ्या कचेरीपासून किती लांब आहे?

बातम्या टिपायला मी रोज तिथेच बसत होतो. उत्तराला मला पंधरा दिवस लागले.