‘रिफ्रेश’ला नकार

स्क्रीनवरचे स्पष्टीकरण तळहाताने झाकून बाई विचारत, “आता नुसतं नाव वाचा. ही कमांड काय करील?” उत्तर चुकले, तर वाचणाऱ्याला त्या कधीच बोलल्या नाहीत, कमांडला ते नाव देणाऱ्याला बोलत.

बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही बरोबर काम केले. प्रोग्राममधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली आम्ही बनवत होतो. काम ‘कमिट’ केले, म्हणजे नोंदवले, की ते सुरक्षित. न नोंदवलेल्याची हमी नाही, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. बाई ज्येष्ठ प्रोग्रामर, मी माहितीपुस्तिका लिहिणारा, नोकरीत त्यांच्याइतकाच जुना.

नव्या कमांडचे काम होते न नोंदवलेले सगळे बदल कायमचे पुसून शेवटची नोंदवलेली प्रत समोर आणणे. मॅनेजरांनी तिला नाव दिले ‘रिफ्रेश’. बाईंना ‘डिस्कार्ड’, म्हणजे ‘टाकून द्या’, हवे होते.

“मॅडम, डिस्कार्ड म्हटलं की क्लायंट घाबरतो.”

“घाबरू दे. घाबरलेला माणूस एंटर दाबण्याआधी एकदा थांबतो.”

“अहो, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय सगळं.”

“मॅन्युअल लोक काम गेल्यावर उघडतात.” मग माझ्याकडे वळून, “आपण रागावू नका हं.”

रागावणार कसा? खरेच होते ते.

धायरीहून येणारी एक मुलगी नुकतीच नोकरीला लागली होती. बाईंनी तिच्या टेबलापाशी जाऊन तोच प्रश्न विचारला. “बाकीच्यांचे लेटेस्ट बदल येतील ना, मॅडम?” असे म्हणत तिने ‘रिफ्रेश’ टाइपही केले. एंटरकडे निघालेले तिचे बोट बाईंनी वरच्या वर धरले. तिचे चार दिवसांचे काम नोंदवायचे राहिले होते. ते कळल्यावर तिचे डोळे भरून आले.

“तू कशाला रडतेस? तू नावावर विश्वास ठेवलास. चूक नावाची आहे.”

मॅनेजर म्हणाले, “ट्रेनिंग देऊ.”

आमच्याकडे एका ज्येष्ठाच्या मंजुरीशिवाय काहीही ग्राहकाकडे जात नसे. ‘रिफ्रेश’च्या मंजुरीची विनंती बाईंकडे तीनदा आली, तीनदा त्यांनी ती नाकारली. तेव्हा मंजुरीच्या यादीतून त्यांचेच नाव काढले गेले. बाईंनी त्याच दुपारी राजीनामा दिला. आवाज चढवला नाही, की कोणाकडे तक्रार केली नाही.

शेवटच्या दिवशी, निरोपाचा केक तसाच ठेवून, त्या प्रत्येक टेबलापाशी गेल्या. “कमिट केलंत? नाही? करा. मी उभी आहे.” मॅनेजरांपाशीही उभ्या राहिल्या. त्यांचे दोन दिवसांचे काम राहिले होते. त्यांनी ते नोंदवले. मग बाईंनी केक कापला, आणि सगळ्यांचे तुकडे अगदी एकसारखे केले.

त्या असेपर्यंत विनंती पुन्हा पाठवण्याचे धाडस कोणी केले नाही. सोमवारी त्यांची खुर्ची रिकामी होती, यादीत त्यांच्या जागी माझे नाव होते आणि विनंती माझ्याकडे आली होती. मॅनेजर येऊन म्हणाले, “सर, तुम्ही तर समजूतदार आहात.”

मी विनंती नाकारली. ती अजून तशीच पडून आहे.