झाडूवाल्या संताची तसबीर

महाराष्ट्र नुकताच झाला होता. बुलढाण्याच्या मिशन दवाखान्यात आई भरती होती. तिथल्या भिंतीवर हातात झाडू घेतलेल्या एका काळ्या संताची तसबीर लागली.

सिस्टर म्हणाल्या, “याची आई गुलामीतून सुटलेली आफ्रिकन बाई. रंगापायी मठात याला झाडायला ठेवलं. यानं रोग्यांची सेवा केली.”

दवाखान्याचा झाडूवाला थांबला. “रोगी त्याच्या हातचं पाणी पेत होते का?”

“पीत होते.”

शेजारच्या रोग्याला तहान लागली, तेव्हा झाडूवाल्यानंच पेला भरून दिला. रोग्याच्या बायकोनं तो मोरीत ओतला आणि तसबिरीला हात जोडले.

मी संतापून तिच्याकडे निघालो. झाडूवाला म्हणाला, “बसा भाऊ. माणूस तसबीर झाल्यावरच चालते त्यायले.”

मी बसलो, पण तो संताप अजून बसलेला नाही.