मी तिला दाराशी बसवलं

त्या वर्षांत पनवेलला आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहानच होती. मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो, आणि रविवारी उपासनेला येणाऱ्यांना जागा दाखवायचं काम माझ्याकडे होतं. समोर आलेला माणूस काहीतरी लपवतोय असं धरून चालायची मला कचेरीत सवय लागली होती, आणि ती रविवारीही सुटत नसे.

होळी नुकतीच झाली होती. नव्या वसाहतीतून एक गृहस्थ गाडीनं उपासनेला आले. पांढरा सफारी, बोटात जाड अंगठी. मी त्यांना पुढच्या बाकावर नेलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. परत दाराशी येतोय तोच एक कातकरी बाई आत शिरली. लुगड्यावर वीटभट्टीची लाल धूळ, हाताशी सातेक वर्षांची मुलगी. मागचे दोन बाक रिकामे होते, तरी मी तिला चपला काढतात तिथली सतरंजी दाखवली.

"इथे बस. वारा लागेल," मी म्हणालो.

ती बसली, पण सबंध उपासनाभर माझ्याकडेच बघत राहिली. मी प्रार्थनेत एक डोळा उघडा ठेवून चपलांवर लक्ष ठेवलं. उपासना संपल्यावर ती माझ्या दिशेनं आली. काहीतरी मागणार हे ओळखून मी घाईनं सफारीवाल्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेलो. पुढच्या रविवारी पुन्हा हेच.

तिसऱ्या रविवारी ती आली नाही, आणि नेमका त्याच दिवशी पाळकसाहेबांनी पक्षपातावर उपदेश केला. श्रीमंताला मानानं बसवायचं, गरिबाला पायाशी, आणि वर विश्वासाच्या गोष्टी करायच्या. हाताला काही काम नसलेला तो विश्वास काय कामाचा, असं ते म्हणत होते. माझे कान तापले. कुणीतरी चुगली केली होती, एवढं नक्की.

घरी आल्या आल्या बायकोला विचारलं, "तू पाळकांकडे काही बोललीस?"

"कशाबद्दल?"

तिच्या त्या 'कशाबद्दल'चाही मला संशय आला. शेवटी पाळकसाहेबांनाच गाठलं. ते हसले. "अहो, वर्षभराचे बायबलमधले उतारे आधीच ठरलेले असतात." मला ते पटलं नाही. मग वाटलं, त्या बाईनंच सांगितलं असणार. खरं सांगतो, तिला शोधायला मी दयेनं गेलो नाही. मला माझ्यावरच्या तक्रारीचा छडा लावायचा होता.

गाढी नदीच्या काठच्या भट्टीवर ती सापडली. मला बघताच डोक्यावरच्या विटा उतरवून ती मुलीच्या पुढे उभी राहिली.

"मुकादमानी धाडलं का तुमाला?"

"नाही. पाळकांकडे तू माझ्याबद्दल काही बोललीस का?"

"कोन पाळक?"

"मग चर्चमध्ये कशाला येत होतीस?"

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "पोरीला आश्रमशाळेत घालायचीय. दाखला पायजे. कचेरीत तीनदा आले, शिपाई आत सोडत नाय. तुमी आतल्या टेबलावर बसता, ते खिडकीतून बघितलं व्हतं. मंग एका रविवारी तुमी पुस्तक घेऊन तितं जाताना दिसलात. वाटलं, देवाच्या घरी तरी कोन आडवनार नाय."

जातीचे दाखले माझ्याच टेबलावरून जायचे.

तरी स्वभाव जातो कुठे? "मुलगी तुझीच ना?" मी विचारलं.

"भैनीची. ती गेली. आता माजीच."

दुसऱ्याच दिवशी मी अर्ज घेऊन भट्टीवर गेलो. आता संशय घ्यायची पाळी तिची होती. शाईचा डबा उघडला तशी तिनं हात मागे घेतला. भट्टीवर येणारे कागद बहुधा उचलीचे, म्हणजे आगाऊ पैसे देऊन मजुराला बांधून घेणारे असत. तिनं शेजारच्या झोपडीतल्या म्हाताऱ्याला बोलावलं, आणि मी तो अर्ज त्या दोघांना ओळ न् ओळ दोनदा वाचून दाखवला. मग तिनं अंगठा दिला. मे संपता संपता भट्टी बंद झाली आणि ती डोंगरापलीकडे आपल्या वाडीवर गेली. सरपंचाचं पत्र आणायला मी तिथवर सायकल मारली.

दाखला हातात आला तेव्हा शाळा सुरू होऊन महिना झाला होता. मी सुट्टी टाकून त्या दोघींबरोबर आश्रमशाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी कुरकुर केली, पण मुलीला घेतलं. परतताना एसटीची वाट बघत आम्ही फाट्यावर उभे होतो.

"सायेब, तुमी ह्ये कशापायी केलंत?" तिनं विचारलं. अजून तिचा माझ्यावर पुरता भरवसा बसला नव्हता.

"माझं कामच आहे ते."

"काम तर पयलंबी व्हतं," ती म्हणाली, आणि रस्त्याकडे बघत राहिली.

मंडळीत मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. बायको म्हणायची, पाळकांना तरी सांगा. पण सांगितली असती तर मी ती मिरवतोय असा संशय आधी मलाच आला असता.

मुलगी त्या वर्षी दोनदा शाळेतून वाडीवर पळून गेली. दोन्ही वेळा मावशीनं तिला चालत परत नेऊन सोडलं. तिसऱ्यांदा ती पळाली नाही.