घारपुरेकाकांची तपासणी

घारपुरेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी मागच्या दाराची कडी ओढून बघत आणि मगच चहाला हात लावत. कॅनबेरातल्या गुंगालिनमध्ये मी त्यांच्या शेजारी राहायला आले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझी कडी नापास केली. "मीनल, हे दार मांजरसुद्धा उघडेल," म्हणाले आणि घरी जाऊन स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. आता ते निवृत्त होऊन लेकीकडे टार्निटला गेलेत, पण माझ्या दाराचे स्क्रू अजून त्यांचेच आहेत.

त्यांची नोकरीच तशी होती. औषधासाठी गांजा पिकवायचा तर सरकारी परवाना लागतो, आणि तो कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या खात्यात काका होते. कुंपण किती उंच, कॅमेरे कुठे, किल्ली कुणाकडे, सगळं ते बघत. पण सगळ्यात कसून बघत ते माणसाला. अर्जदार सचोटीचा, कायद्याच्या भाषेत 'फिट अँड प्रॉपर', वाटला नाही तर बाकी सगळं कितीही चोख असो, काका ढिम्म हलत नसत. "झाड बिचारं गरीब असतं गं. आधी माणूस तपासावा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुण्याच्या नातेवाइकांना मात्र एवढंच कळलं होतं, की आपला अनंता ऑस्ट्रेलियात गांजाच्या लायनीत आहे. प्रत्यक्षात काका इतके सोवळे, की मंडळाच्या होळीत थंडाईचा पेला पुढे आला की ती कुणी घोटली याची चौकशी करत आणि शेवटी पाणीच पीत.

त्यांचा जीव अडकला होता तो कढीपत्त्यात. कॅनबेराच्या थंडीत ते रोप दरवर्षी मान टाकायचं आणि काकू सुकलेल्या पानांच्या फोडणीवर दिवस काढायच्या. शेवटी काकांनी गांजाच्या शेतांवर पाहिलेली विद्या घरी आणली. गराजमध्ये जांभळे दिवे, हीटर आणि दाराला दोन कुलपं. रोप असं काही तरारलं, की काकू गल्लीभर पानं वाटू लागल्या.

आमच्या कॅनबेरात अंगणात गांजाची दोन रोपं लावली तर चालतात, पण बंद खोलीत दिव्याखाली वाढवणं हा गुन्हा. दाराखालून येणारा जांभळा उजेड कुणाला तरी खटकला असावा. एका संध्याकाळी पोलीस आले. मी कुंपणाशी उभी राहून बघत होते. काकांनी आधी दोघांची ओळखपत्रं तपासली, मग गराज उघडलं. त्यातल्या तरुण पोलीसबाईंनी एक पान चुरगळून हुंगलं.

"व्हॉट डू यू डू विथ इट, सर?"

"वी पुट इट इन हॉट ऑइल."

"अँड देन?"

"देन वी फील बेटर," काकू मागून म्हणाल्या.

अखेर काकूंनी आमटीचं पातेलंच दाखवायला आणलं तेव्हा पोलिसांची खात्री पटली. ते हसत हसत गेले.

काका हसले नाहीत. कुलूप हातात घेऊन ते स्टुलावर बसून राहिले. "ज्याच्या दारात पोलीस आले, त्याला मी परवाना दिला असता का गं?" त्यांनी मला विचारलं. खरं उत्तर "नाही" होतं, म्हणून मी कढीपत्त्याचं कौतुक केलं. मला त्यांची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबीणबाईंना, म्हणजे हेलनला, सगळं आपणहून सांगितलं आणि चौकशी होईपर्यंत मला कामावरून बाजूला करा, अशी विनंती केली. ती म्हणाली, "नो वरीज, मेट." त्याने काका आणखीच खचले. "मी लोकांना मेहुण्याच्या भानगडीवरून अडवलंय. आणि मला नो वरीज? असं कसं चालेल?" जेवण तुटलं, झोप उडाली. आपण सचोटीचे आहोत की नाही, हे त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं.

शेवटी शनिवारी आर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, हेलन बिचारी तपासणीला आली. तिने कुलपं पाहिली, रोप पाहिलं, काकांचा चेहरा पाहिला, काकूंचे दोन बश्या पोहे खाल्ले आणि गंभीरपणे म्हणाली, "अनंत, यू आर अ फिट अँड प्रॉपर पर्सन." काकांचे डोळे भरून आले.

"लग्न झाल्यापासून मी हेच सांगतेय," काकू म्हणाल्या, "ते पटलं नाही. हेलनबाईंना यावं लागलं."

"तू नातेवाईक आहेस," काका डोळे पुसत म्हणाले. "तुझं धरता येत नाही."